निघावे की थांबावे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शहरात दंगल उसळली की घराघरात एकच वाद सुरू होतो. वडील म्हणतात, दार लावा आणि गप्प बसा. मुलगा म्हणतो, गाडी दारात उभी आहे, काळोख पडायच्या आत मावशीकडे जाऊ. आई यातले काहीच बोलत नाही. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या आहेत हे ती मोजत असते. बाहेर दुकानांची शटर्स धडाधड खाली येत असतात आणि दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी फोन येतो, प्रत्येक फोनवर वेगळी बातमी.

अशा घटकेला जो निर्णय होतो, तो बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याचा होतो. तो चुकला तर त्याची किंमत मात्र घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते. म्हणून हा प्रश्न शांततेच्या दिवसांतच सोडवून ठेवायला हवा. तो सोडवण्याची काही रीत आहे का, आजवरच्या अनुभवांतून काही शिकता येते का, हे आपण आज पाहणार आहोत.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर मुंबईत आधी डिसेंबरमध्ये व पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये, अशा दोन टप्प्यांत दंगली झाल्या. या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० दिली आहे. आयोगाने हे मृत्यू कशामुळे झाले याचीही विभागणी केली आहे. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकले जाऊन ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहा. गोळीबार आणि सुरा या दोनच कारणांनी गेलेल्यांची बेरीज ७०३ होते, म्हणजे दहापैकी जवळजवळ आठ. हे सगळेच रस्त्यावर गेले असे नव्हे. परंतु गोळी आणि सुरा हे मुख्यतः रस्त्यावरचे, नाक्यावरचे, गल्लीच्या तोंडाशी दबा धरलेले धोके. दूध आणायला निघालेला, कामावरून परतणारा, लहान भावाला शोधायला गेलेला एकटादुकटा माणूस त्यांना आयता सापडतो. त्यामुळे दंगलीत सर्वसाधारण नियम कोणता, असे विचाराल तर उत्तर सरळ आहे: घरात थांबा.

पण उरलेले आकडेही तितकेच बोलके आहेत. जाळपोळ आणि जमावाचा हल्ला मिळून १७१ माणसे गेली. इथे धोका माणसाला वाटेत गाठत नाही, तो घर शोधत येतो. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत रात्री एक खोली बाहेरून कडी घालून पेटवली गेली. आतल्या माणसांनी थांबण्याचाच निर्णय घेतला होता. सर्वसाधारण नियम त्यांच्या उपयोगी पडला नाही.

तेव्हा स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा: आजचा धोका वाटेवरचा आहे, की आपला पत्ता शोधत येणारा आहे?

दिल्लीत १९८४ साली तो पत्ता शोधत येणारा होता. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पुढच्या तीन-चार दिवसांत शीख वस्त्यांवर हल्ले झाले. सरकारी आकड्यांनुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. मतदार याद्या आणि शिधापत्रिकांच्या याद्या पाहून जमावांनी शिखांची घरे हुडकली, अशा साक्षी पुढे आल्या. यादीत ज्याचे नाव आहे त्याने घरात बसून राहणे म्हणजे हल्लेखोरांची वाट पाहणेच झाले. पण रस्ता तरी कुठे मोकळा होता? दिल्लीकडे येणाऱ्या गाड्यांतून शीख प्रवाशांना खाली ओढून मारल्याच्या घटना त्याच दिवसांत घडल्या.

मग त्या दिवसांत कितीतरी जण वाचले ते कसे? शेजाऱ्यांनी त्यांना आपल्या घरात घेतले. माळ्यावर, आतल्या खोलीत, धान्याच्या पोत्यांमागे लपवले. निघणे आणि थांबणे यांच्यामधला हा तिसरा मार्ग आपल्या चर्चेत फारसा येत नाही. दोनशे किलोमीटरवरच्या गावी पोचता येत नसेल, पण वीस पावलांवरच्या दारात जाता येते. त्या दारावरच्या पाटीवर वेगळे आडनाव असते आणि काही रात्रींपुरते तेवढे पुरते. अर्थात असे दार ऐन दंगलीत उघडेल की नाही, हे आधीच्या दहा वर्षांत त्या दोन घरांमध्ये वाटीभर साखरेची देवाणघेवाण होती की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

एकाच शहरात, एकाच दिवशी दोन घरांची उत्तरे वेगळी असू शकतात, हेही लक्षात घ्यावे. मे २०२३ मध्ये मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी समाजांत संघर्ष पेटला. मैतेईबहुल भागातली कुकी कुटुंबे आणि कुकीबहुल भागातली मैतेई कुटुंबे यांना थांबणे शक्यच नव्हते. साठ हजारांच्या आसपास माणसे घर सोडून छावण्यांत आली. त्याच सुमारास इंफाळमध्ये शिकणारे महाराष्ट्रातले विद्यार्थीही तिथे अडकले होते. ते दोन्हींपैकी कोणत्याही गटाचे नव्हते. धोका त्यांनाही होता, पण तो वाटेवरचा. त्यांच्यासाठी वसतिगृहात थांबणे आणि सुरक्षित सोय झाल्यावर निघणे हेच शहाणपणाचे होते. पुढे राज्य सरकारने विमानाची व्यवस्था करून त्यांना मुंबईला आणले. शेजारचे घर रिकामे झाले म्हणून आपणही निघावे, किंवा शेजारी निवांत आहेत म्हणून आपणही निवांत राहावे, असे दोन्ही तर्क म्हणूनच फसवे आहेत.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. घर धोक्याचे आहे हे मान्य केले, तरी रस्ता त्याहून बरा आहे का? याचे अलीकडचे आणि फार बोलके उदाहरण म्हणजे सुदानची राजधानी खार्टूम. ती दंगल नव्हती, यादवी होती. तरी घरात अडकलेल्या माणसापुढचा प्रश्न हाच होता. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानच्या महिन्यात, शनिवारी सकाळी तिथले लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात भर शहरात लढाई जुंपली. निळी आणि पांढरी नाईल यांच्या संगमावर हे शहर वसले आहे. नद्यांनी त्याचे तीन भाग पाडले आहेत आणि पुलांनी ते जोडले आहेत. विमानतळ पहिल्याच दिवशी लढाईत सापडला आणि पुलांवर बंदूकधारी उभे राहिले. म्हणजे शहराबाहेर पडण्याच्या नेहमीच्या वाटा काही तासांत बंद झाल्या.

सुदानमध्ये त्या वेळी काही हजार भारतीय होते. भारतीय दूतावासाने त्यांना कळवले की जिथे आहात तिथेच थांबा, बाहेर पडू नका, गच्चीवर आणि बाल्कनीतही जाऊ नका. हा सल्ला किती महत्त्वाचा होता ते दुर्दैवाने लगेच दिसले. पहिल्याच दिवशी एका भारतीयाला राहत्या घरात भरकटलेली गोळी लागली आणि त्याचा मृत्यू झाला. नुसते घरात असणे पुरत नाही, घरात कुठे आहोत हेही पाहावे लागते. त्याकडे आपण पुढे येऊच.

थांबणेही सोपे नव्हते. वीज गेली, शहराच्या मोठ्या भागाचे पाणी तुटले, उन्हाळा कडक. दहा दिवस लोकांनी काढले. २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून बहात्तर तासांची शस्त्रसंधी ठरली. ती पूर्ण पाळली गेली नाही, पण गोळीबार काहीसा ओसरला. भारताने 'ऑपरेशन कावेरी' सुरू केले. बसगाड्यांनी लोकांना तांबड्या समुद्राच्या काठावरच्या पोर्ट सुदानला नेण्यात आले. हे अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर. तिथून नौदलाच्या जहाजांनी आणि हवाई दलाच्या विमानांनी सौदी अरेबियातल्या जेद्दाहला. 'आयएनएस सुमेधा' २५ एप्रिलला पहिल्या २७८ जणांना घेऊन निघाली. २७ एप्रिलला जेद्दाहहून एक विमान २४६ जणांना घेऊन मुंबईत उतरले. ५ मेपर्यंत एकूण ३,८६२ माणसे बाहेर आली.

यातून शिकायचे ते वेळेचे गणित. लढाईच्या पहिल्या दिवशी जो रस्ता मृत्यूचा होता, तोच दहा दिवसांनी त्यातल्या त्यात बरा झाला. निघायचे तर भडका उडण्याआधी निघावे, नाहीतर तो ओसरल्यावर निघावे. मधल्या वेळी, जेव्हा भीती सर्वांत जास्त वाटते आणि पाय सर्वांत जास्त ओढ घेतात, नेमक्या त्याच वेळी रस्ता सर्वांत वाईट असतो. याला अपवाद एकच: घराला आग लागली असेल किंवा जमाव दाराशी येऊन ठेपला असेल, तर मागच्या वाटेने, अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचे. तेव्हा कपाट उघडायला थांबायचे नाही.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. निघून जायचे कुठे? खार्टूममधली असंख्य सुदानी कुटुंबे आग्नेयेकडच्या वाद मदनी या शहरात गेली. ते जवळ होते, शांत होते, नातेवाईक होते. डिसेंबर २०२३ मध्ये लढाई तिथेही पोचली आणि आधीच एकदा उखडलेल्या लोकांना पुन्हा बाडबिस्तरा उचलावा लागला. सुदानच्या लष्कराने राजधानी परत घेतली ती मार्च २०२५ मध्ये. दोन-चार दिवसांसाठी म्हणून दाराला कुलूप घातलेल्या लोकांना दोन वर्षे काढावी लागली. आपल्याकडच्या दंगली सहसा इतक्या लांबत नाहीत. तरीही पोचण्याची जागा ठरलेली असावी, तिथल्या माणसांना आपण येणार हे माहीत असावे, आणि तो भाग स्वतःच तणावाखाली नसावा. 'आधी निघू, मग बघू' हे यात बसत नाही.

आणि या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. घरात सर्वांत हळू कोण चालते? गुडघे धरलेली आजी, आठ महिन्यांची गरोदर सून, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे काका, व्हीलचेअरवरचा मुलगा. तरण्याताठ्या माणसाला गल्लीतून पळत सुटता येते. कुटुंबाला तसे सुटता येत नाही. म्हणून निर्णय घराच्या सर्वांत मंद पावलाच्या हिशेबाने घ्यायचा. अशा घराने इतरांपेक्षा आधी निघावे, केवळ तणावाची चिन्हे दिसत असतानाच. पुढे काही झाले नाही आणि चार दिवस उगाच पाहुणचार घेऊन परत यावे लागले, तर लोक हसतील. हसू द्यावे.

ही चिन्हे कोणती? मोहल्ल्यातले दुकानदार माल हलवू लागतात. अनोळखी माणसे घराघरांवरची नावे वाचत, चौकशी करत फिरतात. दारांवर खडूच्या किंवा रंगाच्या खुणा दिसतात. शेजारच्या गल्लीत एखाद्या ठरावीक समाजाच्याच घरांवर दगड पडतात. नेहमीचा पोलिस पहारा उठतो. यातली दोन-तीन चिन्हे एकदम दिसली आणि तुमचे घर यादीत बसणारे असेल, तर धोका पत्ता शोधू लागला आहे असे समजावे.

आता थांबायचे ठरले तर कसे थांबावे? रस्त्याकडची खोली सोडावी. आपण आणि रस्ता यांच्यामध्ये दोन भिंती याव्यात, अशी जागा निवडावी; बहुतेक घरांत ती आतला बोळ किंवा न्हाणीघराजवळची जागा असते. लाकडी दार, प्लायवूडची फळी, काच यांनी गोळी थांबत नाही. खाली बसावे, खिडकीजवळ उभे राहू नये. गॅलरीतून मोबाईलवर चित्रण करण्याचा मोह टाळावा. खालच्या जमावाला आणि पोलिसांना तुम्ही नुसते पाहत आहात की काही फेकणार आहात, हे कळायला मार्ग नसतो.

पाणी मिळेल तेवढे भरून ठेवावे. गॅसच्या टाकीचा नॉब रात्री बंद करावा. आणि आपल्या शहरी घरांतली एक खास अडचण म्हणजे खिडक्यांना बसवलेल्या लोखंडी जाळ्या. चोर आत येऊ नये म्हणून लावलेली जाळी आगीच्या वेळी आपल्यालाच बाहेर पडू देत नाही. निदान एका खिडकीच्या जाळीला उघडणारी झडप असावी आणि तिच्या कुलपाची किल्ली तिथेच, हाताशी टांगलेली असावी. गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, हे इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. जिथून बाहेर पडायला दुसरी वाट नाही, अशा घरात थांबण्याचा निर्णय घेताना दहादा विचार करावा.

निघायचे ठरले तर दिवसा निघावे, आणि संचारबंदी शिथिल केल्याच्या वेळेत. इथे एक खुलासा करतो, कारण दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. जमावबंदी म्हणजे एकत्र जमण्यास मनाई. त्यात कामापुरते एकट्याने बाहेर जाता येते. संचारबंदी म्हणजे घराबाहेर पडण्यासच मनाई. दोन्ही आदेश पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. संचारबंदीत रुग्णाला हलवायचे असेल, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा पोलिस मदतीसाठी ११२ या क्रमांकावर फोन करावा. आपल्याच गाडीत घालून निघणे टाळावे.

सामान थोडे घ्यावे. टपावर गाद्या बांधलेली गाडी लांबूनच सांगते की हे पळून चालले आहेत. मार्ग दोन ठरवून ठेवावेत. खार्टूममध्ये जसे पूल अडले, तसे मुंबईत रेल्वे ओलांडणारे पूल आणि फाटके अडतात. गावात नदीवरचा एकुलता पूल अडतो. निदान एक मार्ग असा असावा की ज्यावर अशी चिंचोळी जागा नाही. पुढे जमाव दिसला तर गाडी त्यात घालू नये, लांबूनच वळवावी. निघताना एकाला आणि पोचल्यावर त्याच एकाला कळवावे. दहा जणांना कळवले की अकरावी अफवा तयार होते.

अफवांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण चुकीचे निर्णय बहुतेक वेळा त्यांच्यावरच घेतले जातात. जानेवारी १९९३ मध्ये समुद्रातून शस्त्रांच्या होड्या येणार अशी आवई उठली होती आणि माणसे किनाऱ्यावर रात्री जागवत होती. तेव्हा मोबाईल नव्हता. आता तीच आवई छायाचित्रासह येते, आणि छायाचित्र दुसऱ्याच देशातले, चार वर्षांपूर्वीचे असते. शिवाय अशांततेत इंटरनेट बंद केले जाते, मग उरतात ऐकीव गोष्टी. म्हणून घरात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ असावा. मी हे रेडिओवरून सांगतो आहे म्हणून नव्हे. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यावरही तो चालतो म्हणून. ऐकलेल्या बातमीला एकच कसोटी लावावी: सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले आहे का? 'कुणीतरी सांगितले' असे उत्तर आले, तर त्या बातमीवर घराबाहेर पाऊल टाकू नये.

शेवटी एक विनंती. आज रविवार आहे, घरातली माणसे बहुधा एकत्र असतील. जेवणानंतर दहा मिनिटे बसा. आपल्या इमारतीतून बाहेर पडायच्या वाटा किती, ते मोजा. आधारकार्ड, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घाला आणि त्यात थोड्या सुट्या नोटा ठेवा. पंधरा दिवसांची औषधे नेहमी शिल्लक राहतील असे पाहा. वेळ आलीच तर कुणाकडे जायचे ते ठरवा आणि त्यांना तसे विचारून ठेवा. आणि शेजारच्या दारावर वेगळे आडनाव असेल, तर संध्याकाळी तिकडे एक चक्कर मारा. संकटात आमच्याकडे या, एवढे आज सांगून ठेवले, तर उद्या ते दार ठोठावताना त्यांना संकोच वाटणार नाही, आणि तुम्हालाही.